‘चालते आहे ते चालू द्या’ : हॅश टेबलांच्या नामकरणावरील आक्षेपांचा प्रतिवाद

एखाद्या लायब्ररीतील फंक्शनांची नावे आणि त्यांच्या वापराच्या पद्धती एका शिस्तीत आणण्याचा प्रस्ताव पुढे आला, की अनुभवी प्रोग्रामरांकडून मिळणारे उत्तर बहुधा तीन वाक्यांत संपते: नाव ही वरवरची बाब आहे, जे चालते आहे त्याला हात लावू नये, आणि ज्याला अडेल त्याने सोबतचे दस्तऐवज वाचावेत. या उत्तराला व्यवहारचातुर्याचा मान मिळत आलेला आहे, परंतु तो मान त्याला शोभत नाही, असे येथे प्रतिपादायचे आहे. कारण या तिन्ही वाक्यांतील हिशेब केवळ ती लायब्ररी आधीपासून तोंडपाठ असलेल्यांचा आहे, आणि पुढे ती शिकू पाहणाऱ्यांना विसंगत नावांपायी जी किंमत मोजावी लागते ती त्यात कोठेच मांडलेली नाही.

हा वाद महानगरांतील संगणक-कंपन्यांपुरता आहे, असे कोणास वाटेल. परंतु मल्लिनाथ भगवानांच्या दिगंबर जैन क्षेत्रासाठी ओळखले जाणारे शिरड शहापूर ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, म्हणजे लायगो-इंडिया, उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली, तेव्हा अंदाजे खर्च २,६०० कोटी रुपये धरण्यात आला होता. चार-चार किलोमीटर लांबीच्या परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन भुजा, त्यांच्यातून ये-जा करणारा लेसर आणि अणुकेंद्रापेक्षाही सूक्ष्म अशी लांबीतील कमीजास्त टिपणारी यंत्रणा, हे या वेधशाळेचे दृश्य रूप होय. तिचे अदृश्य रूप म्हणजे मिळालेल्या संकेतांतून खरी लहर वेगळी काढणारी संगणकीय लायब्ररी. लायगोच्या वैज्ञानिक गटाने सी भाषेत लिहिलेली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना उपलब्ध असलेली ‘लाल-स्वीट’ ही अशीच लायब्ररी आहे, आणि हॅश टेबलांच्या नामकरणाचा प्रश्न तिच्यात अगदी पाठ्यपुस्तकी स्पष्टतेने दिसतो. शिरड शहापूरच्या एखाद्या विद्यार्थिनीला या वेधशाळेचे विज्ञान बघ्याच्या भूमिकेतून नव्हे तर कर्त्याच्या भूमिकेतून हाताळायचे असेल, तर तिला दुधाळ्याच्या प्रवेशद्वारापाशी थांबण्याची गरज नाही, कारण ही लायब्ररी आजही तिच्या संगणकावर उतरवून घेता येते. प्रश्न एवढाच, की ती उघडल्यावर तिला काय वाचावे लागते.

हॅश टेबल ही माहिती साठवण्याची अशी रचना आहे, की तिच्यात प्रत्येक मूल्याला एक खूण जोडलेली असते (प्रोग्रामर या खुणेस ‘की’ म्हणतात), त्या खुणेवर एक गणिती प्रक्रिया करून मूल्य कोणत्या कप्प्यात ठेवायचे ते ठरते, आणि नंतर तीच प्रक्रिया पुन्हा करून सगळे कप्पे न धुंडाळता थेट योग्य कप्प्यापाशी पोहोचता येते. ही कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये मांडली. तेव्हापासून आजवर तिच्यावर करायच्या क्रिया मूठभरच राहिल्या आहेत: टेबल तयार करणे, मूल्य घालणे, शोधणे, आहे की नाही ते विचारणे, काढून टाकणे आणि शेवटी टेबल मोडणे. क्रिया इतक्या थोड्या असल्यामुळे त्यांची नावे कशीही असली तरी चालतील, असा समज होतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे, कारण या प्रत्येक क्रियेच्या पोटात काही निर्णय दडलेले असतात. तीच खूण आधीपासून टेबलात असताना नवे मूल्य घातले तर जुने पुसले जाते की क्रिया नाकारली जाते? घातलेल्या मूल्याची प्रत केली जाते की मूळ वस्तूच टेबलाच्या ताब्यात जाते? शोधलेले सापडले नाही तर रिकामे उत्तर मिळते, त्रुटी कळवली जाते, की गुपचूप ठरीव मूल्य हाती ठेवले जाते? वापरणाऱ्याला या प्रश्नांची पहिली उत्तरे नावातून मिळतात, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच तो पुढे जातो.

लाल-स्वीटमध्ये अशी दोन टेबले आहेत. एकाचे नाव ‘हॅश-टेबल’ असून त्याची फंक्शने नाम आधी आणि क्रियापद नंतर अशा क्रमाने लिहिलेली आहेत: हॅश-टेबल-क्रिएट, हॅश-टेबल-अॅड, हॅश-टेबल-फाइंड, हॅश-टेबल-रिमूव्ह, हॅश-टेबल-डिस्ट्रॉय. दुसऱ्याचे नाव ‘डिक्ट’, म्हणजे शब्दकोशासारखा खूण-मूल्यांच्या जोड्यांचा संग्रह. त्यात घालणे म्हणजे डिक्ट-इन्सर्ट, शोधणे म्हणजे डिक्ट-लुकअप, परंतु तयार करणे म्हणजे मात्र क्रिएट-डिक्ट आणि मोडणे म्हणजे डिस्ट्रॉय-डिक्ट. सी भाषेत नावांना स्वतंत्र दालने नसल्यामुळे या सर्वांच्या आधी ‘एक्सएलएएल’ हा लायब्ररीचा उपसर्ग लागतो, तो येथे सोडून दिला आहे. म्हणजे एकाच लायब्ररीत शोधण्यासाठी दोन क्रियापदे, घालण्यासाठी दोन, आणि शब्दांचा क्रम दोन टेबलांत तर वेगळा आहेच, पण एकाच डिक्टच्या आतही तो उलटसुलट आहे. याला इतिहास आहे: क्रियापद आधी ठेवण्याची चाल या लायब्ररीत सदिश, म्हणजे संख्यांच्या ओळी, तयार करणाऱ्या जुन्या फंक्शनांपासून चालत आलेली आहे, आणि नाम आधी ठेवण्याची चाल एका वस्तूची सगळी फंक्शने एकत्र दिसावीत या रास्त हेतूने आलेली आहे. दोन्ही चालींना कारण आहे. त्या एकमेकींत मिसळण्याला कारण नाही.

याचा त्रास काय, असे विचारले जाते. हीच लायब्ररी पायथन भाषेतूनही वापरता येते, तेथे उपसर्ग गळून पडतो, आणि नवशिका ‘डिक्ट’ ही अक्षरे टंकून टॅबची कळ दाबतो तेव्हा त्याच्यापुढे डिक्टच्या फंक्शनांची यादी उलगडते, परंतु डिक्ट तयार कसे करायचे ते नेमके त्या यादीत नसते, कारण ते फंक्शन ‘क्रिएट’च्या खाली, संख्यांच्या ओळी तयार करणाऱ्या फंक्शनांच्या गर्दीत बसलेले असते. जुन्या माणसाला हे अडथळा म्हणून जाणवतच नाही, कारण त्याचा हात सवयीने बरोबर ठिकाणी जातो.

परंतु अडखळणे हा या प्रकरणातील सर्वांत सौम्य परिणाम आहे, आणि नावे वरवरची असतात या विधानाला खरे उत्तर याच लायब्ररीतील दुसऱ्या एका व्यवस्थेत मिळते. दोन ताऱ्यांच्या विलयातून निघणाऱ्या लहरीचे गणिती रूप तयार करताना नेहमीच्या राशींखेरीज काही जादा राशी डिक्टमधून दिल्या जातात. न्यूट्रॉन तारा सोबत्याच्या ओढीने किती विकृत होतो हे सांगणारी भरती-विकृतीची राशी त्यांपैकी एक असून तिची खूण ‘लॅम्डा-१’ अशा अक्षरांची आहे. ही राशी वाचणारे फंक्शन डिक्टमध्ये ती खूण आहे का ते आधी पाहते, असल्यास मूल्य उचलते, नसल्यास शून्य धरते. आता कृष्णविवराला भरती-विकृती नसते, त्याचा लॅम्डा शून्यच असतो. म्हणून एखाद्याने खुणेचे स्पेलिंग स्वतःच्या हाताने लिहिताना एक अक्षर चुकवले, तर संगणक तक्रार करत नाही, आज्ञावली थांबत नाही, आणि न्यूट्रॉन ताऱ्याची म्हणून मागितलेली लहर कृष्णविवराची म्हणून तयार होऊन हाती येते. ऑगस्ट २०१७ मध्ये नोंदल्या गेलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलयात ज्या राशीवर अणुकेंद्रीय द्रव्याविषयीचे निष्कर्ष बेतलेले होते, तीच ही राशी. लायब्ररीच्या कर्त्यांनी हा धोका ओळखून प्रत्येक राशीसाठी ती घालणारे आणि वाचणारे अशी स्वतंत्र, पूर्ण नावाची फंक्शने करून ठेवली, त्यामुळे आता स्पेलिंग चुकले तर ते फंक्शनच्या नावात चुकते आणि आज्ञावली चालण्याआधीच किंवा चालताक्षणी अडते. नाव खुणेतून उचलून फंक्शनात नेणे हा नामकरणाच्या शिस्तीचाच निर्णय होता, आणि त्याने एका निःशब्द चुकीला आवाज दिला. याला वरवरचे म्हणायचे असेल तर खोल कशाला म्हणायचे, हे आक्षेपकांनी सांगावे.

दस्तऐवज वाचावेत हा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही, कारण त्यात असे गृहीत आहे की नावाने दिशाभूल केली तरी दस्तऐवज ती दुरुस्त करतील. जावा भाषेचा अनुभव निराळा आहे. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या जावातील हॅश टेबलात ‘कंटेन्स’ नावाची मेथड होती, आणि ती टेबलात अमुक खूण आहे का असे न पाहता अमुक मूल्य आहे का असे पाहत असे. बहुतेक वाचणारा नेमके उलट समजेल. १९९८ मध्ये नव्या हॅश-मॅपबरोबर ‘कंटेन्स-की’ आणि ‘कंटेन्स-व्हॅल्यू’ अशी नि:संदिग्ध जोडी रूढ झाली, पण जुने नाव जुन्यांच्या सोयीसाठी राहू दिले गेले. ते तेवढ्यावर थांबले नाही. २००४ मध्ये एकाच वेळी अनेक धाग्यांतून वापरण्याजोगे नवे टेबल आले, तेव्हा जुन्या टेबलाच्या जागी ते सहज बसावे म्हणून तेच दिशाभूल करणारे ‘कंटेन्स’ नव्या वर्गातही ओढून आणले गेले, आणि ते केवळ सुसंगतीसाठी आहे अशी टीप दस्तऐवजात लिहिली गेली. पुढे कोटलिन ही जावाच्या पायावर उभी असलेली भाषा आली. तिच्यात ‘इन’ असे लिहिले की टेबलात खूण आहे का ते पाहिले जावे अशी अपेक्षा असते, परंतु या विशिष्ट टेबलाच्या बाबतीत ते जुन्या ‘कंटेन्स’ला जाऊन भिडत असे आणि खुणेऐवजी मूल्ये तपासली जात. कोटलिनच्या कर्त्यांना या एका नावासाठी संकलकात, म्हणजे कंपायलरात, खास इशारा घालावा लागला. दस्तऐवज सर्व काळ अचूक होते. ज्यांनी चूक केली त्यांनी ते वाचले नव्हते असे म्हणता येईल, पण ‘अ मध्ये ब आहे का’ एवढे विचारण्यासाठी कोणी पुस्तक उघडत नाही, आणि उघडावे लागत असेल तर तो दोष वाचकाचा नव्हे.

‘चालते आहे’ या शब्दांत जुन्या नावांमागे काही पक्का विचार असणार, असा एक अध्याहृत आदरही असतो. तो दर वेळी पात्र असतोच असे नाही. पीएचपी भाषेचे जनक रासमुस लेर्डॉर्फ यांनी २०१३ मध्ये स्वतःच सांगितल्यानुसार, त्या भाषेच्या आरंभीच्या काळात फंक्शनांच्या नावांचे जे हॅश टेबल होते त्यात कप्पा ठरवण्याचे गणित म्हणजे नावाची लांबी, बस. त्यामुळे सगळी नावे एकाच कप्प्यात कोंबली जाऊ नयेत म्हणून निरनिराळ्या लांबीची नावे मुद्दाम निवडली गेली. ते गणित केव्हाच बदलले, नावे मात्र जगभरच्या संकेतस्थळांत आजही वावरत आहेत. लाल-स्वीटच्या जुन्या थरातही ‘अटॅच’ आणि ‘डिटॅच’ या शब्दांत एकेक जादा ‘टी’ घुसलेले दोन मॅक्रो, म्हणजे संकलनाआधी विस्तारले जाणारे संक्षेप, वर्षानुवर्षे तसेच वापरले गेले, आणि योग्य स्पेलिंग टंकणारा प्रत्येक जण त्यांच्यापाशी ठेचकाळला. यांपैकी एकाही नावामागे जपून ठेवावा असा विचार नाही.

आक्षेपांतील सर्वांत वजनदार भाग असा, की नाव बदलले तर इतरांच्या आज्ञावली मोडतात, आणि विज्ञानात तर जुन्या शोधनिबंधांतील निकाल पुन्हा तपासता येईनासे होतात. याला उडवून लावणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र या आक्षेपाच्या समर्थनार्थ पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीकडून तिसरीकडे झालेल्या वेदनादायक स्थलांतराचा दाखला नेहमी दिला जातो, तो नीट पाहिला तर विरुद्ध बाजूने साक्ष देतो. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने शब्दकोशातील ‘हॅज-की’ ही मेथड काढून टाकली, तिची जागा ‘इन’ या शब्दाने त्याआधी २००१ पासूनच घेतली होती, आणि जुन्या आज्ञावलींत हा बदल आपोआप करून देणारे साधन भाषेबरोबरच दिले गेले. लोकांची वर्षे गेली ती या नावापायी नव्हे, तर अक्षरे आणि बाइट यांचा अर्थच बदलल्यामुळे, म्हणजे वर्तन बदलल्यामुळे. रिफॅक्टरिंग या संज्ञेचा अर्थच बाह्य वर्तन न बदलता आतील रचना सुधारणे असा आहे, आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या प्रसिद्ध ग्रंथात मेथडचे नाव बदलणे हे त्याचे एक मूलभूत पाऊल म्हणून दिलेले आहे. नावाचा बदल यंत्राने करता येतो. अर्थाचा बदल माणसाला ओळीओळीने तपासावा लागतो. दोहोंची बेरीज करून त्या बेरजेचा दोष नावांवर टाकणे हा युक्तिवाद टिकणारा नाही.

निकालांच्या पुनर्तपासणीचे म्हणाल तर जुना निबंध ज्या आवृत्तीवर बेतलेला असतो ती आवृत्ती भांडारात जशीच्या तशी राहते, तिच्यातील नावे कोणी मागे जाऊन पुसत नाही. आणि नव्या आवृत्तीतही जुने नाव एका रात्रीत नाहीसे करण्याची गरज नसते. जमीन एकत्रीकरणानंतर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते दाखवणारे पत्रकही तयार झाले, आणि आजही जुन्या खरेदीखतावरील शेत ओळखायचे असेल तर शेतकरी त्याच पत्रकाकडे वळतो. शिरड शहापुरात हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. लायब्ररीत या पत्रकाचे काम जुन्या नावाचे एक पातळ फंक्शन करते: ते स्वतः काहीच करत नाही, नव्या नावाला हाक मारते आणि जाता जाता इशारा छापते की यापुढे ते नाव वापरावे. आक्षेपकांना याचा विसर पडलेला दिसतो, पण लाल-स्वीटने हे एकदा केलेले आहे. तिच्या पहिल्या पिढीतील फंक्शने काहीच परत देत नसत आणि यशापयश कळवण्यासाठी प्रत्येक वेळी स्थितीची एक वेगळी रचना पहिल्या जागी द्यावी लागे. दुसऱ्या पिढीने ही पद्धत टाकून सरळ मूल्य परत देणारी, त्रुटीचा क्रमांक वेगळा ठेवणारी आणि ‘एक्सएलएएल’ उपसर्गाची फंक्शने आणली, जुन्या फंक्शनांतून कालबाह्यतेचा इशारा छापणारा खास मॅक्रोही केला, आणि हे स्थलांतर चालू असतानाच्याच वर्षांत, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, पहिली गुरुत्वीय लहर पकडली गेली. नावे व पद्धती बदलल्याने विज्ञान थांबते, हे या लायब्ररीविषयी तरी म्हणता येत नाही.

येथवरच्या विवेचनाने सुधारणावाद्यांच्या हाती कोरा धनादेश दिला, असे मात्र समजू नये, कारण त्यांच्यातही एक वर्ग असा आहे की ज्याला समानतेचा इतका मोह असतो, की वेगळ्या गोष्टींनाही तो एकच नाव देऊ पाहतो. लाल-स्वीटच्या दोन टेबलांतील ‘अॅड’ आणि ‘इन्सर्ट’ ही याची चांगली कसोटी आहे. हॅश-टेबलाचे अॅड दिलेली वस्तूच ठेवून घेते आणि ती मोडण्याची जबाबदारीही टेबलाकडे जाते; डिक्टचे इन्सर्ट दिलेल्या मूल्याची स्वतःसाठी प्रत करते आणि मूळ मूल्य देणाऱ्याकडेच राहते. ही दोन्ही फंक्शने ‘इन्सर्ट’ या एकाच नावाखाली आणली, तर एका टेबलाची सवय दुसऱ्यावर नेणारा प्रोग्रामर एकच वस्तू दोनदा मोकळी करील किंवा कधीच करणार नाही, आणि सी भाषा त्याला अडवणार नाही. येथे भेद आहे तो नावात दिसलाच पाहिजे, किंबहुना आजच्यापेक्षा अधिक ठळक दिसला पाहिजे. त्याच हॅश-टेबलात ‘रिमूव्ह’ आणि ‘एक्सट्रॅक्ट’ ही दोन वेगळी नावे आहेत, पहिले वस्तू काढून मोडून टाकते आणि दुसरे ती काढून मागणाऱ्याच्या हाती देते. ही जोडी आदर्श म्हणून ठेवण्याजोगी आहे, आणि तिला हात लावणारा सुधारक हा सुधारक नव्हे.

रस्ट भाषेने २०१४ च्या अखेरीस, मे २०१५ मधील पहिल्या स्थिर आवृत्तीपूर्वी, आपल्या सर्व संग्रहांच्या मेथडांची नावे एकसूत्री केली, ‘फाइंड’चे ‘गेट’ झाले, ‘पॉप’चे ‘रिमूव्ह’ झाले, आणि हे उदाहरण सुधारणावादी उत्साहाने पुढे करतात. परंतु त्यात एक बारकावा आहे. पूर्वीचे ‘रिमूव्ह’ काढले की नाही एवढेच हो-नाही स्वरूपात सांगत असे, नवे ‘रिमूव्ह’ काढलेले मूल्य परत देऊ लागले. म्हणजे जुने नाव नव्या अर्थाने वापरले गेले. रस्टचा संकलक प्रकारांच्या बाबतीत इतका कडक आहे की तेथे हे बहुधा पकडले जाते, शिवाय भाषा तेव्हा स्थिरही झालेली नव्हती. सी भाषेतील लायब्ररीत, आणि त्यातही ती पायथनमधून वापरली जात असताना, मुक्त झालेले जुने नाव नव्या अर्थाने पुन्हा वापरणे अक्षम्य मानले पाहिजे: हो-नाही या उत्तराच्या जागी एखादी संख्या आली तरी दोन्ही भाषा ती खरे-खोटे म्हणून निमूट स्वीकारतात.

म्हणून काम कोणत्या क्रमाने व्हावे हेही या प्रतिवादाचा भाग म्हणून सांगायला हवे. प्रथम डिक्टचे तयार करणे व मोडणे ही दोन फंक्शने ‘डिक्ट’ या नामाखाली आणावीत, कारण त्यांचे वर्तन निर्विवाद आहे आणि बदल निव्वळ क्रमाचा आहे. जुनी नावे इशाऱ्यासह निदान काही आवृत्त्या जिवंत ठेवावीत. त्यानंतर शोधण्याच्या दोन क्रियापदांचा निर्णय घ्यावा. ‘फाइंड’ आणि ‘लुकअप’ यांतील कोणते राहते हे गौण आहे, पण सापडले नाही तर काय होते ते दोन्ही टेबलांत समान केल्याखेरीज नाव समान करू नये. ‘अॅड’ आणि ‘इन्सर्ट’ यांना स्पर्श करायचा तर तो ताब्याचा भेद नावात उघड करण्यासाठीच करावा. हे सगळे काम दुधाळ्याच्या भुजांत लेसर फिरू लागण्यापूर्वी स्वस्त आहे, कारण आज या फंक्शनांना हाक मारणाऱ्या ओळी मोजता आणि शोधता येतात. वेधशाळा चालू झाल्यावर हिंगोली, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांतून लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावली कोणाच्या भांडारात असतील आणि त्यांत कोणती जुनी नावे असतील, हे त्या वेळी कोणालाही शोधता येणार नाही.